कारखाना वाढवणार आहेत

माझी माय "बंद" हा शब्द तोंडातून काढत नाही. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. हातातली बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळही वाढवायचा. संपणाऱ्या गोष्टीला संपली म्हटलं की ती खरंच संपते, असं तिच्या मायनं तिला सांगितलं होतं आणि तिनं मला सांगितलं. कॉलेजात गेल्यावर मी तिला सुनावलं की हे सगळं अडाणीपणाचं आहे. ती म्हणाली, "असन. पण माया दुकानात म्हणू नको."

दुकान म्हणजे चहाची टपरी. कोरपन्याकडच्या आमच्या गावाला लागून सिमेंटचा कारखाना आहे. त्याच्या मागच्या गेटातून भरलेले ट्रक बाहेर पडतात, तिथे समोरच माय बसते. कारखान्यात अर्धं शेत गेलं तेव्हा बाबा उरलेल्या अर्ध्यात कापूस पेरत राहिले आणि मायनं गेटासमोर शेगडी मांडली. चहा, आलूबोंडा, सकाळी तर्रीपोहे. गिऱ्हाईक म्हणजे रांगेत ताटकळलेले ट्रकवाले आणि ट्रकांत थैल्या चढवणारे हमाल. त्या हमालांच्या टोळीत माझा मोठा भाऊ होता.

सरकत्या पट्ट्यावरून थैली येते. पन्नास किलोची आणि गरम. ती खांद्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकात चढायचं, थर लावायचा, उतरायचं, तोवर पुढची आलेलीच असते. एक थांबला की मागचा शिव्या घालतो. घामात सिमेंट मिसळलं की कातडी जळते, म्हणून पाळीआधी अंगाला तेल चोपडायचं आणि पाळी सुटली की गूळ खायचा. गुळानं छातीतली धूळ उतरते असं सगळी टोळी मानते. डॉक्टर मानत नाहीत. "डॉक्टर थैल्याबी उचलत नाईत," असं भाऊ म्हणायचा.

एक गोष्ट इथे लिहून टाकते, कारण आमच्या संघटनेच्या पत्रकांत ती कधी येत नाही. त्या थैल्यांवर मी शिकले. घरावरचा पत्रा जाऊन स्लॅब आला तो थैल्यांवरच. देशाचं उत्पन्न वाढतंय असं पेपरात येतं तेव्हा ते कुठेतरी उतरत असणारच, आणि थोडंसं आमच्या गेटासमोर उतरलं होतं. गावाला काहीच मिळालं नाही म्हणणारे खोटं बोलतात. सगळ्यांना मिळालं म्हणणारे त्याहून मोठं खोटं बोलतात, आणि त्यांच्याकडे माईक असतो.

मी चंद्रपूरला एका संघटनेत काम करत होते. सभा लावणं, निवेदनं देणं, आणि मुख्य म्हणजे पत्रकं लिहिणं. पत्रक लिहायची एक रीत असते. वाक्य छोटं ठेवायचं. "कदाचित" लिहायचं नाही. शेवटी मागणी लिहायची. त्या दिवसांत आमच्याच गावच्या कारखान्याला दुसरी लाईन टाकायची तयारी चालली होती, म्हणजे जुन्या भट्टीच्या शेजारी तेवढीच नवी भट्टी. त्यासाठी चुनखडीची खाण उरलेल्या डोंगरात घुसणार होती. मी पत्रक लिहायला घेतलं: "कारखान्याची वाढ रोखा."

इकडे गावात कोतवाल भोंगा घेऊन फिरला. कापूस वेचणीचे दिवस होते. लोक वावरात, भोंगा खरखरणारा. तो टपरीसमोर थांबून ओरडला की कारखान्याची क्षमता वाढवण्याबाबत जनसुनावणी आहे, समद्यायनं हजर राहावं. मायच्या कानावर पडलं ते एवढंच: कारखाना वाढवणार आहेत.

तिनं दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्याला दूध अर्धं करायला सांगितलं. टोळी चहाला आली तेव्हा काय झालं ते भावानं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं.

"पोट्टेहो, कारखाना वाढवून राह्यले म्हणते," माय म्हणाली.

"कोण म्हणते?"

"कोतवाल. भोंग्यातून सांगतलं त्यानं."

टोळीचा मुकादम वयानं मोठा, सावकाश बोलणारा. तो म्हणाला, "काऊन वाढवन वो बाई? रोज इतके ट्रक जाऊन राह्यले. चालतं दुकान कोणी वाढवते काय?"

"मले काय इचारता? मी का मालकीण हाय त्यायची?"

टोळीत एक बारकासा चावट गडी होता. तो म्हणाला, "वाढू द्या ना काकू. वाढून राह्यले तर आपल्याबी ताटात पडन."

"तुया ताटात तुयी बायकोच वाढत नाई," मुकादम म्हणाला. पण त्यानं आपला चहा अर्धा तसाच ठेवला.

संध्याकाळी भावाचा मला फोन. "बाई, खरं हाय काय? कारखाना वाढवून राह्यले म्हणते माय."

"खरं आहे," मी म्हटलं. "आम्ही त्याच्याच विरोधात पत्रक काढतोय."

"तुमी विरोधात हा?"

"मग काय! रोखायलाच पाहिजे."

"बरं झालं बावा," भाऊ म्हणाला. तोवर माझ्या कामाबद्दल घरात कोणी बरं म्हटलेलं नव्हतं. हे पोरीचं झेंडे घेऊन फिरणं कधी सरते, एवढंच विचारलं जायचं. मी फोन ठेवला आणि पत्रकात दोन वाक्यं आणखी कडक केली.

पत्रकाचे गठ्ठे घेऊन मी गावात उतरले तेव्हा अख्खी टोळी टपरीवर हजर होती. गठ्ठे माझ्या हातातून काढून घेतले त्यांनी. चावट गडी ट्रकांच्या काचांवर पत्रकं खोचत सुटला. ट्रकवाले शिव्या देत होते आणि हा हात जोडत होता, "वाचा भाऊ, आमच्या पोटाचा सवाल हाय." इतकी तयार माणसं मला कुठल्याच गावात भेटली नव्हती. मी बाकड्यावर उभी राहून पत्रक वाचायला लागले. डोंगराचं वाचलं. नाल्याच्या पाण्याचं वाचलं. धुळीचं वाचलं. "भट्ट्या दुप्पट होतील, तर धूळही दुप्पट होईल" इथवर आले आणि मुकादमानं हात वर केला.

"थांब पोरी. काय दुप्पट होईन म्हणते?"

"भट्ट्या. कारखाना दुप्पट होणार आहे."

"म्हंजे राहन का जाईन?"

"जातो कुठला? मोठा होतोय. तेच तर रोखायचंय."

मुकादमानं टोळीकडे पाहिलं. मग मुकादम हसला, त्याच्या मागून सगळे हसले. माय पदर तोंडावर धरून खाली बसली आणि तीही हसत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला अजून काही कळलेलं नव्हतं. भावानं मायच्या "वाढवणार"चा अर्थ सांगितला तेव्हा कळलं. चावट गडी ट्रकांच्या काचांवरची पत्रकं परत गोळा करायला धावला. मायनं मारुतीपुढे नारळ वाढवला आणि टोळीला फुकट चहा पाजला.

मला संताप आला. लोकांवर आला, मायवर आला, त्या कोतवालाच्या भोंग्यावरही आला. माझ्या हातात उरली होती चुरगळलेली पत्रकं, आणि समोर कारखाना मोठा होणार म्हणून आनंदलेली टोळी. रात्री जेवताना मी भावाला म्हटलं, "तुला धूळ दिसत नाही का? डोंगर दिसत नाही?"

"दिसते. समदं दिसते."

"मग?"

"मग काय? दुप्पट कारखाना म्हंजे दुप्पट थैल्या. दुप्पट थैल्या म्हंजे दुसरी टोळी. दुसऱ्या टोळीले मुकादम कोण, तूच सांग."

बाबा भाकरी मोडत होते, त्यांनी वर पाहिलं नाही. भावाचा हिशोब सरळ होता. मुकादमाला थैली उचलावी लागत नाही. तो मोजतो, पाळी लावतो, ट्रकवाल्यांशी भांडतो. भावाचा डावा खांदा तेव्हाच उतरल्यासारखा दिसत होता. हात डोक्यावर नेताना तो थोडा थांबायचा. आणखी किती वर्षं उचलता येईल हे त्याला माहीत होतं आणि मलाही दिसत होतं. पत्रकात खांद्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

सुनावणी शाळेच्या मैदानात झाली. पेंडाल, प्लास्टिकच्या खुर्च्या, बायकांची बाजू वेगळी, कडेला पोलीस. भाऊ धुतलेला शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. तो बाजूनं बोलणार होता. मी विरोधात बोलणार होते. घरून आम्ही एकाच मोटारसायकलवर आलो होतो.

आधी कंपनीच्या तरुण इंजिनिअरनं पडद्यावर फिल्म लावली. माझ्याच वयाचा असेल, बोलायला नम्र. खाण दिसली, भट्टी दिसली, रोपं लावणारी शाळेची मुलं दिसली. मग थैल्या भरण्याची नवी जागा आली. ट्रक येऊन उभा राहिला. वरून एक लांब यंत्र त्याच्यात उतरलं आणि थैल्या मांडत गेलं. एक थर आडवा, एक उभा. पडद्यावर माणूस नव्हता.

"एकही हात न लावता," इंजिनिअर म्हणाला. त्याला त्याचा खरोखर अभिमान होता.

टोळीतून पहिल्यांदा कौतुकच निघालं. "पाय बे, थर कसा लावून राह्यलं," कोणीतरी म्हणालं. "कोपरा पाय, कोपरा." आयुष्यभर थर लावलेली माणसं होती ती. एकही थैली तिरपी पडली नव्हती, हे आधी त्यांच्या लक्षात आलं. दुसरी गोष्ट हळूहळू लक्षात आली. ट्रक भरून निघून गेला, दुसरा आला, आणि रांगेतली बडबड विझत गेली.

भावाचं नाव पुकारलं. तो माईकपाशी गेला. पाठ केलेलं वाक्य तो बोलला नाही.

"साहेब, हे मशीन नव्या लाईनीत लागन का जुन्याबी?"

"दोन्हीकडे. टप्प्याटप्प्यानं," इंजिनिअर म्हणाला.

"मंग आमची टोळी?"

उत्तर टेबलामागच्या अधिकाऱ्यानं दिलं. "प्रकल्पामुळे परिसरात प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष रोजगार निर्माण होईल."

"अप्रत्यक्ष म्हंजे?"

"म्हणजे वाहतूक आहे, खानावळी आहेत, चहाची दुकानं आहेत."

भावानं मागे वळून बायकांच्या बाजूला बसलेल्या मायकडे पाहिलं. मग माईककडे वळला. "चहा पेणारे आमीच होतो, साहेब."

तेवढ्यात मायचा आवाज आला, माईकशिवाय, सगळ्या पेंडालभर. "मी सांगतलं होतं ना, वाढवून राह्यले म्हून."

हसू फुटलं. अधिकाऱ्याला काही कळलं नाही, त्यानं शेजारच्याला विचारलं. त्यानं कानात समजावून सांगितलं असावं, कारण मग अधिकारीही जरासा हसला. टोळी हसत नव्हती. भाऊ माईकसमोर उभाच होता. पोलिसानं त्याच्या खांद्याला हात लावला तेव्हा तो जागेवर आला.

पुढे गावात म्हणायला लागले की माझ्या मायला आधीच समजलं होतं. खोटं आहे. तिला काही समजलेलं नव्हतं. तिनं ऐकण्यात चूक केली आणि ती घाबरली, एवढंच. पण मी भाषा शिकलेली, पत्रकं लिहिणारी, "वाढ" हा शब्द रोज वापरणारी, मी जो अर्थ घेत होते तो भोंग्यातला होता. टोळीपुरता मायचा अर्थ बरोबर निघाला. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एका शब्दाचे दोन्ही अर्थ खरे होऊ शकतात हे मला कुठल्या शिबिरात कोणी शिकवलं नव्हतं.

माझी पाळी आली. मी डोंगराबद्दल बोलायला आले होते, डोंगराबद्दल बोलले, आणि आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. मग पत्रकात नव्हतं ते बोलले. "हे मशीन चालवायला माणूस लागतो ना? बिघडलं तर दुरुस्त करायला लागतो ना? मग मशीन यायच्या आधी या टोळीला शिकवा. यांच्याइतकं थैलीबद्दल कोणाला कळतं?"

"सूचना चांगली आहे," इंजिनिअर म्हणाला. "पात्र उमेदवारांना आम्ही प्राधान्य देऊ. आयटीआय किंवा बारावी विज्ञान."

आमच्या गावची शाळा दहावीपर्यंत. जवळच्या कॉलेजात फक्त कला शाखा. मीही कला शाखेचीच, दुसरं काही नव्हतंच म्हणून. टोळीतले बहुतेक नववी-दहावीला सुटलेले. पात्र उमेदवार या तीन-चार गावांत मिळून शोधायचा तर दिवा घेऊन फिरावं लागलं असतं. हे सगळं मी माईकवर सांगितलं. "नोंद घेतली आहे," अधिकारी म्हणाला, आणि पुढचं नाव पुकारलं.

मी या गोष्टीवर तेव्हापासून खूप भांडले आहे, सभांत भांडले आहे, आमच्याच संघटनेत भांडले आहे. माझं म्हणणं साधं आहे. गरीब देश पहिल्यांदा वाढतो तो हातांवर. हात भरपूर आणि स्वस्त असतात. थैल्या उचलल्या जातात, रस्ते होतात, पूल होतात, आकडा वर जातो. पण उत्पन्न वाढत गेलं की एक दिवस हातांची गरज संपते, तिथून पुढे डोक्यांवर वाढावं लागतं. डोकी एका दिवसात तयार होत नाहीत. त्यांना शाळा लागते, विज्ञानाचा मास्तर लागतो, चाळिशीच्या माणसालाही परत वर्गात बसवायची लाज नसलेलं सरकार लागतं. आम्ही डोंगर दिला, शेत दिलं, खांदे दिले. त्या बदल्यात एक मास्तर आला नाही. आणि मग वर बसलेले विचारतात, वाढीचा वेग मंदावला कसा? कमाईच गेल्यामुळे घर बांधणारा उरला नसेल तर सिमेंट घेणार कोण? भावानं खांद्यावरून नेलेल्या थैल्यांतल्या काही आमच्याच स्लॅबवर पडल्या होत्या. यंत्र स्लॅब टाकत नाही. यंत्र आलूबोंडाही खात नाही.

मशीनच्या विरोधात मी नाही. ज्यानं पन्नास किलो गरम थैली एकदा तरी खांद्यावर घेतलीय तो मशीनच्या विरोधात असूच शकत नाही. त्या फिल्मकडे टोळीनं कसं पाहिलं ते मी पाहिलंय. त्यांना ते यंत्र हवं होतं. फक्त ते यंत्राच्या मागे उभे असायला हवे होते.

परवानगी मिळाली, लाईन उभी राहिली. आधी नव्या बाजूला यंत्र लागलं, मग जुन्या. टोळी एकदम मोडली नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी. मुकादम म्हशी पाळायला लागला. चावट गडी कामासाठी नागपूरकडे गेला. यंत्रं चालवायला बाहेरून पोरं आली, सभ्य पोरं, कॉलनीत राहतात, चहा आतल्या कँटीनमध्ये पितात. ट्रक पटकन भरतो, म्हणून ट्रकवाले गेटासमोर थांबत नाहीत. माय अजून बसते. ग्रामसभेत आम्ही अकरावी-बारावी विज्ञानासाठी ठराव केला. विचार सुरू आहे असं वरून कळवलं गेलं.

भाऊ राजुऱ्यावरून पुढे, तेलंगणात गेला. तिथे एका कारखान्यात अजून माणसं थैल्या उचलतात. टोळी सरमिसळ आहे, अर्धे तेलुगू, अर्धे आपल्याकडचे. तिथेही तो थैलीच उचलतो. खांद्याचं विचारलं की म्हणतो, "हाय ना अजून, जागेवर."

परवा त्याचा फोन आला. आवाज हळू होता.

"बाई, इथीबी साहेब लोक आले होते. ट्रक भराच्या फलाटाचं माप घेऊन गेले."

मला कळलं. तरी विचारलं, "कशासाठी?"

"त्याच्यासाठीच. तसंच मशीन येऊन राह्यलं."

मला सुचलं ते पत्रकातलं होतं, ते मी गिळलं.

"आमी आताच इचारलं," तोच पुढे म्हणाला. "मशीन यायच्या आधी. आमाले शिकवता काय म्हून. मराठीतबी इचारलं, तेलुगूतबी इचारलं."

"काय म्हणाले?"

"पाहू म्हणे."

"आणि बारावी मागितली तर?"

"मागन. मागितली तर म्हणू, वर्ग काढा, बसतो." मागे पट्ट्याचा आवाज येत होता, कोणीतरी त्याला तेलुगूत हाक मारली. "पाळी सुटली का समदे हाफिसापुढं जाऊन उभे राहतो. रोज. नारे गिरे नाई. दहा मिनिटं उभं राहाचं, इचाराचं, घरी याचं."

"आज गेलात?"

"आता चाललो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.